करंजाच्या नावाची पाणबुडी : ‘करंज’ दालनासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

उरण तालुक्यातील करंजा परिसरातील आमच्या सार्वजनिक वाचनालयाने इमारतीतील रस्त्याकडची मोठी खोली भारतीय नौदलाच्या ‘करंज’ या पाणबुडीच्या इतिहासासाठी कायमची राखून ठेवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत केला आहे. हे दालन उभारण्यासाठी पैसा लागणार आहे. पण त्याहून अधिक गरज आहे ती कागदपत्रांची, छायाचित्रांची आणि त्या पाणबुडीवर काम केलेल्या माणसांच्या आठवणींची. म्हणून हे आवाहन केवळ देणगीदारांसाठी नाही. ज्यांच्या घरातील कोणी पाणबुडी दलात होते, अशा महाराष्ट्रातील, गोव्यातील आणि बाहेरच्या सर्व मराठी कुटुंबांना ते आवर्जून केले आहे.

ज्या करंजा बेटावरून या पाणबुडीला नाव मिळाले ते आपले, धरमतर खाडीच्या मुखाशी असलेले, समोर रेवस आणि पाठीशी द्रोणागिरी असलेले करंजा होय. वाशीम जिल्ह्यातील कारंजाशी तिचा संबंध नाही. पत्रव्यवहारात हा घोटाळा वारंवार होत असल्याने येथे नोंदवून ठेवतो. तिच्या आधी दाखल झालेल्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव दिले गेले, तेही थळच्या समुद्रातील शिवकालीन जलदुर्गावरून. भारताच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी दोन अशा रीतीने आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याची नावे घेऊन समुद्रात उतरल्या. खांदेरीचे नाव शाळेतील मुलांना इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. करंज मात्र आमच्या गावातीलच निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि दालनाची गरज येथूनच निर्माण झाली.

स्वातंत्र्यानंतर जवळपास वीस वर्षे भारतीय नौदलाकडे एकही पाणबुडी नव्हती. ब्रिटनकडून पाणबुड्या मिळवण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी चार पाणबुड्यांचा करार झाला. पाश्चात्त्य देश ज्यांना ‘फॉक्सट्रॉट’ म्हणत त्या, सोव्हिएत नोंदीत प्रकल्प ६४१ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील या नौका लेनिनग्राडमध्ये बांधल्या गेल्या. पहिली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी बाल्टिक समुद्रावरील रिगा बंदरात नौदलात दाखल झाली आणि तो दिवस आजही नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर डिसेंबर १९६८ मध्ये खांदेरी, ४ सप्टेंबर १९६९ रोजी करंज आणि त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरला ‘कुरसुरा’ आली.

करंजची बांधणी समजून घेतली, तर दालनात तिची प्रतिकृती हवी असा आग्रह आम्ही का धरतो हे लक्षात येईल. लांबी ९१.३ मीटर, रुंदी जेमतेम साडेसात मीटर. पाण्यावर असताना सुमारे १,९५० टन आणि बुडाल्यावर सुमारे २,४७५ टन विस्थापन. आत एकामागे एक सात कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर जाड पोलादी भिंतीतील गोल झडपेतून अंग आकसून पलीकडे जावे लागते. एखाद्या कप्प्यात पाणी शिरले तर ही झडप बंद करून उरलेली नौका वाचवता यावी, हा त्यामागचा हेतू आहे. आत अडकलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक खलाशाने मनाशी सोडवलेलाच असणार. पुढच्या टोकाला सहा आणि मागच्या टोकाला चार अशा दहा नळ्यांतून पाणतीर (टॉर्पेडो) सोडता येत, आणि एका वेळी असे २२ पाणतीर नौकेवर असत. तीन डिझेल इंजिने, तीन विजेच्या मोटारी आणि तीन पंखे होते. पाण्यावर किंवा पाण्याच्या अगदी लगत असताना डिझेल इंजिने चालवून बॅटऱ्या भारित करायच्या आणि खोल गेल्यावर त्याच बॅटऱ्यांवर मोटारी चालवायच्या, असा सगळा हिशेब. इंजिनांना हवा लागते, म्हणून पाण्याखाली थोड्या खोलीवर असताना एक नळी वर काढून हवा ओढून घेतली जाई. ही नळी वर असण्याचा वेळ हाच शत्रूला सापडण्याचा वेळ असतो. म्हणजे पाणबुडी कायम पाण्याखाली असते ही आपली समजूत या पिढीतील पाणबुड्यांना लागू पडत नाही. त्या गरज पडेल तेव्हा बुडणाऱ्या नौका होत्या, आणि त्यांच्या कप्तानाचे कौशल्य बॅटरीतील शिल्लक विजेचा हिशेब ठेवण्यात दिसत असे.

अशा नौकेत सुमारे ७५ माणसे राहत. मूळ आराखडा थंड समुद्राचा असल्याने भारताला दिलेल्या नौकांत उष्ण हवामानासाठी काही बदल केले गेले होते. तरी डिझेलचा वास, दमट हवा आणि मोजून मिळणारे गोडे पाणी यांतून कोणाची सुटका नव्हती. पहिल्या तुकड्यांतील नौसैनिकांना त्याआधी रशियन भाषा शिकावी लागली होती, कारण यंत्रांवरील पाट्यांपासून दुरुस्तीच्या पुस्तिकांपर्यंत सर्व काही त्या भाषेत होते. शिवाय जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धामुळे सुएझ कालवा बंद पडला होता आणि तो १९७५ पर्यंत उघडला नाही. त्यामुळे या चारही पाणबुड्यांना बाल्टिकमधून निघून, आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे भारत गाठावा लागला. नव्या नौकेवर, नव्या भाषेत, जगाचा निम्मा वळसा, असा तो प्रवास होता.

करंजचे पहिले कप्तान कमांडर मोहन नारायणराव सामंत. मराठी वाचकांना हे नाव जेवढे माहीत असायला हवे तेवढे नाही, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते. १९७१ मध्ये ते पाणबुडीवर नव्हते. पलाशीजवळच्या छावणीत पूर्व बंगालच्या तरुणांना पाण्याखालून जाऊन जहाजांना सुरुंग लावण्याचे शिक्षण देण्याची मोहीम त्यांच्याकडे होती. फ्रान्समधील तुलाँ बंदरात असलेल्या पाकिस्तानी पाणबुडीवरून निसटून आलेले आठ बंगाली नौसैनिक या मोहिमेच्या केंद्रस्थानी होते. डिसेंबरमध्ये सामंतांनी गनबोटींची छोटी तुकडी घेऊन मोंगला आणि खुलना बंदरांपर्यंत धडक मारली. त्या तुकडीत आपल्या शेजारच्या पनवेलचे नाव असलेली गस्ती नौकाही होती. या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले आणि पुढे ते नव्या बांगलादेशाच्या नौदलाचे पहिले प्रमुख झाले. २०१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९७१ च्या युद्धात करंजचे नेतृत्व कमांडर विजय सिंह शेखावत यांच्याकडे होते. पश्चिमेकडील समुद्रात आपल्या दोन पाणबुड्या होत्या. कुरसुरा १८ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत नेमून दिलेल्या क्षेत्रात पोचली होती. ३० नोव्हेंबरला भर समुद्रात तिची आणि करंजची भेट होऊन पुढच्या सूचना करंजकडे सुपूर्द झाल्या, आणि ४ डिसेंबरला कुरसुरा मुंबईला परतली. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध जाहीरपणे पेटले, आणि शत्रूच्या किनाऱ्यालगत टेहळणीचे काम करंजकडे आले.

या युद्धात भारतीय पाणबुड्यांनी एकही जहाज बुडवले नाही. ही गोष्ट आम्ही दालनात लपवणार नाही, कारण तिच्यामागचे कारण समजल्याखेरीज करंजची कामगिरीही समजत नाही. नागरी जहाजांच्या ठरलेल्या मार्गांवर जायचे नाही आणि लक्ष्याची निःसंशय ओळख पटल्याशिवाय पाणतीर सोडायचा नाही, अशा बंधनांखाली पाणबुड्यांना गस्त घालावी लागत होती. अरबी समुद्रातून आखाताकडे जाणाऱ्या आणि तेथून येणाऱ्या तेलवाहू जहाजांची रीघ असते. पाण्याखालील श्रवणयंत्रावर पंख्यांचा आवाज ऐकू येतो, जहाजाच्या आकारमानाचा अंदाजही येतो, पण ध्वज ऐकू येत नाही. ओळख पटवायची तर पेरिस्कोप वर काढायचा, जवळ जायचे, म्हणजेच स्वतःला उघडे पाडायचे. आणि रात्री तर तेही निरुपयोगी. तटस्थ देशाचे जहाज चुकून बुडाले असते तर त्या नाजूक काळात भारताला केवढी राजनैतिक किंमत मोजावी लागली असती, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी पाणतीराच्या कळीवर बोट ठेवून दिवसामागून दिवस थांबणे हेच काम होते. त्याच युद्धात ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. पाणबुडी काय करू शकते हे देशाला त्या रात्री कळले. शत्रूच्या पाण्यातील गस्तीबद्दल शेखावत यांना वीरचक्र देण्यात आले, करंजवरील इतरांचाही गौरव झाला, आणि १९९३ ते १९९६ या काळात शेखावत भारताचे नौदलप्रमुख होते.

बुडवलेल्या जहाजांची यादी नसलेल्या नौकेवर फारसे लिहिले जात नाही. मराठीत तर जवळपास काहीच नाही.

युद्धानंतरही करंज तीन दशके सेवेत होती आणि १ ऑगस्ट २००३ रोजी निवृत्त झाली. तिची जोडीदार कुरसुरा २००१ मध्ये निवृत्त झाल्यावर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ओढून आणली गेली. त्या कामाला सुमारे साडेपाच कोटी रुपये लागले आणि ऑगस्ट २००२ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येते. करंजच्या वाट्याला हे आले नाही. मुंबईला ‘विक्रांत’सारखी विमानवाहू नौकाही राखता आली नाही आणि २०१४ मध्ये ती भंगारात गेली, हे आठवले की पाणबुडीबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही हेही कळते. नाव मात्र पुन्हा आले. भाऊच्या धक्क्याच्या शेजारच्या माझगाव गोदीत बांधलेली, स्कॉर्पिन वर्गातील नवी करंज १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली आणि त्या समारंभाला निवृत्त अॅडमिरल शेखावत प्रमुख पाहुणे होते. मोरा बंदरातून लाँचने मुंबईला जाणाऱ्या उरणकरांनी त्या गोदीच्या क्रेन आयुष्यभर पाहिल्या आहेत. त्यांच्याखाली आपल्या बेटाचे नाव घेऊन काय तयार होत आहे, हे बहुतेकांना वर्तमानपत्रांतूनच कळले.

आता आमच्या गरजेविषयी. दालनाच्या मध्यभागी जुन्या करंजची १:२० प्रमाणातील, एका बाजूने उघडी ठेवलेली प्रतिकृती असेल. तिची लांबी साडेचार मीटरांहून थोडी अधिक भरते आणि सातही कप्पे, पाणतीरांच्या नळ्या, बॅटऱ्यांची जागा त्यात दिसतील. एकूण खर्चाचा अंदाज ६ लाख ४० हजार रुपये आहे. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम प्रतिकृतीची, उरलेली छायाचित्रांच्या छपाईची, काचेच्या कपाटांची, विजेच्या कामाची आणि ध्वनिमुद्रणाच्या साधनांची आहे. सभासदांच्या वर्गणीतून १ लाख ९० हजार रुपये जमले आहेत; ४ लाख ५० हजार रुपये कमी पडतात. देणगी धनादेशाने वाचनालयाच्या नावे किंवा समक्ष देता येईल आणि प्रत्येक रकमेची पावती मिळेल. संस्थेकडे आयकराच्या ८० जी कलमाखालील नोंदणी अद्याप नसल्याने देणगीदारांना करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगणे योग्य वाटते. प्रतिकृतीवर किंवा भिंतीवर कोणत्याही व्यक्तीची वा व्यवसायाची जाहिरात लावली जाणार नाही. सर्व देणगीदारांची नावे एकाच फलकावर, रक्कम न लिहिता, वर्णानुक्रमे येतील.

पैशापेक्षा अवघड भाग आठवणींचा आहे. १९६९ मध्ये विशीत असलेले नौसैनिक आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या गावात, इमारतीत, नात्यात असतील तर कृपया आम्हाला कळवा. आमचे कार्यकर्ते त्यांच्या सोयीने घरी येऊन ध्वनिमुद्रण करतील आणि लिहून काढलेला मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय वापरणार नाहीत. अधिकाऱ्यांची नावे नोंदींत सापडतात. इंजिनकप्प्यात, स्वयंपाकघरात, बॅटऱ्यांच्या देखभालीवर असलेल्यांची सापडत नाहीत, म्हणून त्यांच्या आठवणी आम्हाला विशेष हव्या आहेत. रिगाहून किंवा व्लादिवोस्तोकहून घरी आलेली पत्रे, तेथे काढलेली छायाचित्रे, डॉल्फिनचे पाणबुडी-चिन्ह, गणवेश, रोजच्या वापरातील वस्तू, यांपैकी काहीही चालेल. वस्तू कायमची द्यायची नसेल तर आम्ही तिचे छायाचित्र घेऊन परत करू. रशियन जाणणाऱ्या व्यक्तींची, आणि गोदीत किंवा जहाजबांधणीत काम केलेल्या निवृत्त तंत्रज्ञांची मदत प्रतिकृतीतील बारकावे तपासण्यासाठी हवी आहे.

एक सूचना काटेकोरपणे पाळावी, ही विनंती. आपल्या परिसरात नौदलाचा शस्त्रसाठा आहे आणि नवी करंज सेवेत आहे. सध्या सेवेत असलेल्या कोणत्याही नौकेविषयी किंवा नौदलाच्या आस्थापनेविषयी माहिती, आराखडा वा छायाचित्र कृपया पाठवू नये. आले तर ते न वापरता परत केले जाईल. जुन्या करंजवरील कागदांपैकी एखादा कागद गोपनीय असण्याची शंका असली तरी तो आमच्याकडे देण्याआधी नौदलाच्या संबंधित कार्यालयाला विचारावे.

येत्या ८ डिसेंबरला, पाणबुडी दिनी, दालन खुले करण्याचा मानस आहे. प्रतिकृतीच्या कारागिरांना गणेशोत्सवापूर्वी आगाऊ रक्कम द्यावी लागणार असल्याने देणग्या त्याआधी, आणि छायाचित्रे व आठवणी ऑक्टोबरअखेरपर्यंत मिळाल्या तर बरे होईल. वाचनालय सोमवार सोडून रोज सायंकाळी उघडे असते. वस्तू टपालाने पाठवण्याऐवजी शक्यतो समक्ष आणाव्यात, म्हणजे त्यांची नोंद आपल्यासमोर करून पोच देता येईल.

आपला नम्र,
सचिव
कार्यकारी मंडळाच्या वतीने