उच्चभ्रूंची बोली आणि माणसाची पारख

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उच्चभ्रू वर्तुळांतील बोलण्या-वागण्याच्या रीतींना कोणी सुसंस्कृतपणाची कसोटी मानतात, तर कोणी निव्वळ दिखाऊपणा म्हणून त्या हसण्यावारी नेतात. आपला कोण आणि परका कोण, हे त्या रीती चार वाक्यांत ठरवून टाकतात, ही गोष्ट मात्र दोघांच्याही नजरेतून सुटते. असा निवाडा नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचतो, म्हणून त्याविषयी लिहावेसे वाटले.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५४ साली इंग्लंडच्या वरिष्ठ वर्गाच्या बोलीवर एक शोधनिबंध लिहिला. संपत्ती किंवा शिक्षण यांवरून हा वर्ग आता वेगळा काढता येत नाही, तो ओळखू येतो केवळ भाषेवरून, असे त्यांचे म्हणणे होते. जेवताना मांडीवर घ्यायच्या रुमालाला ‘नॅपकिन’ म्हणणारा आतला आणि ‘सर्व्हिएट’ म्हणणारा बाहेरचा, अशा जोड्या त्यांनी दिल्या, आणि पुढच्या वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी त्या सर्वसामान्य वाचकांपुढे आणल्यावर मोठी चर्चा झाली. यातले ‘बाहेरचे’ शब्द मुळीच गावंढळ नव्हते. ‘सर्व्हिएट’ तर फ्रेंच वळणाचा, नटवा शब्द. म्हणजे सभ्य दिसण्यासाठी जो धडपडला, त्याचे ‘बाहेरचे’पण त्या धडपडीमुळेच उघडे पडले. मला यातली क्रूरता फार बोचते.

अशा खुणांना स्वतःचे काही मूल्य असते असेही नाही. शब्दाच्या शेवटी किंवा व्यंजनापूर्वी येणारा ‘र’ न उच्चारणे हे इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. न्यूयॉर्कमध्येही पूर्वी तसेच होते, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ‘र’ स्पष्ट उच्चारणे प्रतिष्ठेचे ठरले. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६२ साली त्या शहरातील तीन वेगवेगळ्या दर्जांच्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना असे प्रश्न विचारले, की उत्तरात ‘फोर्थ फ्लोअर’ (चौथा मजला) हे ‘र’ असलेले इंग्रजी शब्द यावेत. सर्वांत उंची दुकानातील विक्रेत्यांच्या तोंडी ‘र’ सर्वाधिक आढळला. हे विक्रेते स्वतः श्रीमंत नव्हते. ज्या गिऱ्हाइकांची सेवा ते करत, त्यांची प्रतिष्ठा त्यांच्या जिभेवर उतरली होती. एकच ध्वनी एका देशात मान मिळवून देतो आणि दुसऱ्या देशात घालवतो, तेव्हा त्यावरून कोणाची बुद्धी किंवा संस्कार कसे जोखता येतील?

अशा वर्तुळांनी भाषेला काही दिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये मादाम द रांबुये यांच्या दिवाणखान्यात जमणाऱ्या मंडळींनी संभाषणाला कलेचा दर्जा दिला, आणि विद्यापीठाची दारे बंद असलेल्या स्त्रियांना तिथे साहित्यावर मत मांडता आले. समोरच्याला बोलू देणे, आवाज न चढवता मतभेद व्यक्त करणे ही शिकण्याजोगी सभ्यता आहे. परंतु ती कोणत्याही बोलीत आणि कोणत्याही उच्चारांत पाळता येते. ठरावीक शब्द न आल्याने एखाद्याला नजरेने खाली बसवणाऱ्याने तर तीच सभ्यता मोडलेली असते.

तेव्हा निवड करणाऱ्या सर्वांना विनंती, की कामासाठी भाषेचे नेमके कोणते कौशल्य लागते ते मुलाखतीपूर्वीच लिहून ठेवावे आणि उमेदवाराची ढब, उच्चार व शब्दांची निवड यांना वेगळे गुण देऊ नयेत. शिक्षकांनी एखाद्याचा उच्चार सुधारायचा असेल, तर तो चारचौघांत हसे न करता सुधारावा. वृत्तपत्रांकडूनही एक अपेक्षा आहे: प्रतिष्ठितांच्या समारंभांची वर्णने छापताना त्यांच्या बोलण्याच्या धाटणीला ‘अभिरुची’ आणि इतरांच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे थांबवावे.

आपला नम्र,
एक वाचक