उन्हाच्या सोलापुरात कोळसा कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'सोलापूरला एवढे ऊन, मग फताटेवाडीला कोळसा का जाळायचा?' असे उन्हाळा आला की हमखास विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण दुपारी बाराला त्याचे उत्तर एक, संध्याकाळी साडेसातला दुसरे.

फताटेवाडीच्या एनटीपीसी औष्णिक वीजकेंद्रात 660 मेगावॅटचे दोन सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे) संच आहेत. जुन्या संचांपेक्षा यांना कोळसा कमी लागतो, तरी युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम धराच. दोन्ही संच दिवसभर पूर्ण भाराने चालले तर वीस हजार टनांच्या आसपास, म्हणजे सुमारे पाच मालगाड्या. देशी कोळशात राख 30 ते 40 टक्के. पाचातल्या दीड-दोन गाड्या नुसती राखच वाहतात आणि तिचेही भाडे वीजग्राहकच भरतो! खाणी दूर, म्हणून इंधनखर्च जास्त. मेरिट ऑर्डरमध्ये स्वस्त वीज आधी घेतली जाते, त्यामुळे अशा केंद्राचा नंबर मागे लागतो.

दुपारी सौरवीज भरपूर असली की विजेच्या मागणी-पुरवठ्याचा मेळ घालणारे भार प्रेषण केंद्र संचाचा भार उतरवायला सांगते. किमान मर्यादा 55 टक्के, म्हणजे 363 मेगावॅट. त्याखाली भट्टीतली ज्योत डळमळते, तेल फवारून ती सांभाळावी लागते. कमी भारावर कार्यक्षमता घसरते आणि युनिटमागचा कोळसा वाढतो. सूर्य मावळला की तोच संच पुन्हा वर चढवायचा. या रोजच्या चढ-उताराने जाड धातूचे हेडर (बॉयलरच्या नळ्या जिथे एकत्र येतात ते मोठे नळ), टर्बाइनचा रोटर सतत तापतात-निवतात आणि वेल्डिंगचे जोड थकतात. बॉयलरची एक नळी फुटली तरी संच बंद. भट्टी थंड करायची, आत मचाण बांधायचे, खराब तुकडा कापून नवा वेल्ड करायचा, पाण्याच्या दाबाने चाचणी घ्यायची. यात दोन-तीन दिवस सहज जातात. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरच्या (कोळशाच्या कोठीच्या) तोंडाशी चिकटून बसतो. कोळसा दळणाऱ्या मिलमधली गरम हवा तो वाळवण्यातच खर्ची पडते, बाहेर पडणाऱ्या भुकटीचे तापमान उतरते, मिल पूर्ण क्षमतेने दळत नाही आणि ऐन संध्याकाळी भार चढत नाही.

म्हणून 'केंद्र बंद करा' म्हणणे आज तरी अर्थहीन. विजेची पुरेशी साठवण उभी राहीपर्यंत संध्याकाळी सहा ते दहा कोळशावाचून भागणार नाही. मात्र संध्याकाळची मागणी दुपारकडे सरकवता येते. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना हेच करते आहे. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादर कारखान्यांना यंत्रमागाची पाळी हलवणे अवघड, मजुरांचे वेळापत्रक त्यावर बांधलेले असते; पण रंगाईची कामे आणि कॉम्प्रेसर दुपारी नक्की चालवता येतात.

सगळ्यात सोपे काम महापालिकेच्या हातात आहे. उजनी आणि टाकळीचे पाणी उपसणारे मोठे पंप, जलकुंभांची साठवण पुरेल तितके, सकाळी दहा ते चार पूर्ण चालवावेत आणि संध्याकाळी कमी करावेत. औष्णिक विजेचे एक युनिट टळले तर कोळशाबरोबर केंद्राला लागणारे दोन-तीन लिटर पाणीही वाचते. सध्या किती उपसा कोणत्या वेळी होतो, हे शोधायला समिती नको. उच्चदाब वीजबिलावर टीओडी (दिवसातल्या वेळेनुसार दर) पट्ट्यांनुसार युनिट छापलेले असतात. गेल्या बारा महिन्यांचे तेवढे आकडे महापालिकेने जाहीर करावेत.

– एक वाचक, सोलापूर