ससा जवळच असेल, घाबरू नका

लाइपझिग, जर्मनी, १४ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडीची काळजी नको, घरात हीटर आहे. फोटोत वाळलेला दिसतो म्हणालीस आई, पण दोन्ही वेळ नीट जेवतो.

दादाने कळवलं, छोटीचा ससा कालपासून दिसत नाही. तिला म्हणावं, रडू नको. पाळलेला ससा घाबरला की सहसा लांब पळत नाही, जवळची अंधारी जागा बघून दडतो. वावर तुडवण्याआधी सांदवाडी पाहा: कुटाराची खोली, पऱ्हाटीचा ढीग, गव्हाणीमागची सांद, पोत्यांच्या फटी. हात घालू नका, तिथं साप-विंचूही असतात. टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, डोळे चमकतील. शेताच्या धुऱ्यावर रात्री कुणी जाऊ नये; रानडुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असतो.

दिवसा तो निपचित बसतो, हालचाल पहाटे आणि तिन्हीसांजेला करतो. तेव्हाच शोधा, तेही दोघांनीच. चार पोरं ओरडत मागं लागली तर सरळ तुरीत शिरेल आणि मग सापडणं कठीण. तोवर कुत्रं बांधून ठेवा.

शेवटचा दिसला तिथं त्याचा पिंजरा दार उघडून ठेवा. आतलं जुनं गवत बदलू नका, त्या वासानं तो परत येऊ शकतो. अर्ध्यावर पोतं टाका, आत पाणी आणि थोडी कोथिंबीर. दारापुढं चाळलेली राख पातळ पसरा आणि पहाटे ठसे बघा. सशाचे मागचे लांब पाय पुढे उमटतात, पुढचे लहान त्यांच्या मागे. मांजराचे ठसे गोल आणि एका ओळीत पडतात. लेंडीही बघा: सशाची वाटाण्यासारखी गोल, फोडली तर आत नुसता गवताचा चुरा.

दिसला की धावू नका, खाली बसा. एकानं दाण्याचा डबा वाजवावा, दुसऱ्यानं खाट आडवी धरून वाट अडवावी आणि हळूहळू भिंतीच्या कोपऱ्याकडे न्यावं. कान धरून मुळीच उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी घट्ट. पाय लोंबते राहिले तर झटका मारून तो स्वतःचाच मणका मोडून घेतो.

सापडल्यावर खातो का, लेंडी टाकतो का, हे बघा. बारा तास काही खाल्लं नाही तर त्याचं आतडं थंडावतं आणि जीवही जाऊ शकतो. वाट न पाहता तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात न्या. फवारलेला पाला खाल्ल्याचा संशय असेल तर औषधाची बाटली सोबत न्या. सशाला ओकता येत नाही, विष आतच राहतं. आणि तुरीत भुरा ससा दिसला तर तो रानससा, त्याला हात लावू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

इकडची एक रीत सांगतो, बाबा, तुम्हाला पटणार नाही. इथं कुणाचा ससा हरवला तर विजेच्या खांबावर फोटोसकट कागद लागतो. ज्याला सापडतो त्यानं तो गुपचूप घरी ठेवून चालत नाही, नगरपालिकेला कळवावं लागतं. म्हणजे छत्री, पाकीट सापडलं की जसं कळवायचं, कायद्यानं ससाही तसाच. बरेच जण सशाच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात, तिच्यात पंधरा आकडे. ते यंत्रानं वाचून मालक शोधतात. टासो नावाची संस्था ही नोंद फुकट ठेवते. मालक येईपर्यंत ससा प्राण्यांच्या आश्रमात, आणि तिथला खर्च मालकानं द्यायचा! लोक देतातही.

एवढं सांगतोस तर येत का नाहीस, असं आई म्हणेल. सुट्टी फेब्रुवारीतच मिळते गं, मागितली नाही असं नाही. पेरणीला नव्हतो, आता तूर सवंगायलाही नाही, ते मला कळतं.

बाबा, कापूस खेडा खरेदीवाल्याला घाईनं देऊ नका. लांब धाग्याला यंदा ८,११० रुपये हमीभाव आहे. नीट वाळवून सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस खरेदीला न्या. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. एक तारखेला चाळीस हजार टाकतो, त्यातून सोसायटीचा हप्ता आधी भरा. ताईला रविवारी बघायला येणार आहेत ते लोक चांगले वाटतात, पण मुलाची नोकरी कायम आहे का ते मामांकडून विचारून घ्या. लग्नासाठी सावकाराकडं जाऊ नका, मी करतो. तारीख फेब्रुवारीत धरली तर मी मांडवात असेन, ताईला तसं सांगा.

ससा सापडला की दादाला लगेच कळवायला सांगा, कितीही वाजले असोत.

तुमचा,
बाळू