वेब दुर्बिणीबद्दल पण छापा

संपादक साहेब, नमस्कार. हरभऱ्याच्या जागलीला रात्री वावरात असतो तेव्हा आमच्याकडे आभाळ एकदम साफ दिसते, आणि लेकरं विचारतात की ती अंतराळात सोडलेली जेम्स वेब दुर्बीण कुठी हाय. ते डोळ्यानं दिसत नाही बेटा, 15 लाख किलोमीटर लांब हाय, चंद्राच्याही चौपट दूर.

तिचा आरसा साडेसहा मीटरचा, 18 षटकोनी तुकडे जोडून केलेला आणि वर सोन्याचा पातळ थर, कारण ती इन्फ्रारेड म्हणजे उष्णतेचे किरण पकडते आणि ते सोन्यावरून चांगले परततात. धुळीच्या ढगामागं जन्मणारे तारे त्याच किरणांत दिसतात. पण दुर्बीण स्वतःच तापली तर काहीच दिसणार नाही म्हणून टेनिस कोर्टएवढी पाच पदरी सावली धरली हाय, उन्हाकडे 85 डिग्री आणि मागं उणे 233! आमच्या मे महिन्यातल्या माणसाला सावलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

विश्व जन्मून 30 कोटी वर्षं पण झाली नव्हती तेव्हाच्या आकाशगंगेचा उजेड तिनं टिपला. असं काही आठवड्यातून एकदा तरी ग्रामीण पुरवणीत छापा, शाळेतली पोरं कात्रण काढून ठेवतात.

— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ