माल घेतला, पोहोचवण्याची सोय केली नाही: सणाच्या हंगामातील पार्सल सेवेविषयी तक्रार

प्रति,
महाव्यवस्थापक (कामकाज),
मुख्य कार्यालय

विषय: सणाच्या गर्दीत रखडलेली व परत आलेली पार्सलं, ट्रॅकिंगमधील खोट्या नोंदी आणि एक्स्प्रेस शुल्काचा परतावा

महोदय,

सणाच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या व्यवसायाच्या खात्यावरून आपल्या कंपनीकडे दिलेली बरीच पार्सलं उशिरा पोहोचली. काही सण उलटल्यावर पोहोचली, तर काही दारापर्यंत न जाताच माझ्याकडे परत आली. सगळ्यांचे एडब्ल्यूबी क्रमांक, म्हणजे पार्सलचा माग काढायचे पावती क्रमांक, सोबतच्या तक्त्यात आहेत. आपल्या ग्राहक सेवेशी जे बोलायचं ते बोलून झालं आहे, त्यामुळे हे पत्र त्यांच्यासाठी नाही. हंगामात किती माल घ्यायचा, किती गाड्या लावायच्या आणि ग्राहकाला कोणती तारीख सांगायची हे जे ठरवतात, त्यांनी ते वाचावं.

मी हाताने बांधलेल्या वह्या आणि भेटकार्डं तयार करते. यातली बहुतेक पार्सलं विकत घेणाऱ्याच्या घरी जात नाहीत. ती त्याच्या बहिणीच्या, शिक्षकांच्या किंवा जुन्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जातात. पार्सल रखडलं तर ज्याला ते मिळायचं त्याला ते येणार हेच ठाऊक नसतं, पाठवणाऱ्याला 'मिळालं का?' असं विचारायला संकोच वाटतो, आणि शेवटी फोन माझ्याकडे येतात. आपल्या कंपनीचं नाव त्या लोकांना ठाऊकही नसतं. परत आलेली वही मी पुन्हा विकू शकेन, पण सणाच्या शुभेच्छा छापलेलं कार्ड आता रद्दीत जाणार.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी सांगते. उशीर एकवेळ समजून घेता येतो, खोटी नोंद नाही. तक्त्यात पिवळ्या रंगाने दाखवलेल्या ओळी पाहाव्यात. शहराच्या वेगवेगळ्या टोकांच्या पत्त्यांवर 'ग्राहक उपलब्ध नाही' ही नोंद एकाच मिनिटाला पडली आहे, आणि तीही रात्री बारा वाजायच्या जरा आधी. यातला एक पत्ता रुग्णालयाच्या स्वागतकक्षाचा आहे. तो चोवीस तास उघडा असतो. जिच्या नावाने पार्सल होतं ती परिचारिका त्या रात्री पाळीवर होती, तरी आपल्या लेखी ती 'उपलब्ध नव्हती'. दुसरा पत्ता एका कार्यालयाचा आहे. तिथल्या सुरक्षारक्षकाच्या वहीत त्या दिवशी आपल्या कंपनीचं कोणी आल्याची नोंद नाही. त्या पानाचा फोटो जोडला आहे.

अशी नोंद कोणाच्या सोयीची आहे हे कळायला फार डोकं लागत नाही. दिवस संपायच्या आत 'प्रयत्न केला' असं दाखवलं की पार्सल त्या दिवसाच्या थकबाकीतून निघतं आणि वर जाणारा अहवाल स्वच्छ दिसतो. पण पुढे संगणक त्या नोंदीला खरी मानूनच चालतो. ठरावीक प्रयत्न फसले की आरटीओ, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत धाडण्याचा शेरा, आपोआप लागतो आणि पार्सल उलट्या वाटेला लागतं. म्हणजे जे खोकं कोणी दारापर्यंत नेलंच नाही, ते परत आणण्यासाठी आपण ऐन गर्दीत गाडीतली जागा खर्च केली, आणि वर त्याचं परतीचं भाडं माझ्या बिलात लावलं!

दुसरी गोष्ट कदाचित आपल्या अहवालांत दिसतही नसेल. एकाच शहरासाठी, एकाच सेवेने दिलेल्या पार्सलांपैकी सोमवारची अडकली आणि गुरुवारची सुरळीत पोहोचली. हा व्यवसाय सुरू करण्याआधी मी एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम पाहत होते, त्यामुळे हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. गोदामातली जागा भरली की नवा माल दाराशी उतरतो आणि जुना मागच्या भिंतीकडे ढकलला जातो. मग जे हाताला आधी लागतं तेच आधी निघतं. 'आधी आलं ते आधी बाहेर' हा नियम पाळायला मोकळी जमीन लागते, म्हणून तुंबलेल्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं गोळा करून पुढे पाठवणाऱ्या आपल्या केंद्रात, तोच पहिल्यांदा मोडतो. त्यात हबप्रमुखाचं मूल्यमापन 'वेळेत पोहोचलेल्या पार्सलांची टक्केवारी' या एकाच आकड्यावर होत असेल, तर ज्याची वेळ टळून गेली आहे ते पार्सल शोधून काढण्यात त्याला काय मिळणार? ते आज गेलं काय आणि आठवड्याने गेलं काय, त्याच्या आकड्यात ते नापासच. माझी पार्सलं त्या मागच्या भिंतीपाशी पडून होती असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर त्या हबचे आवक-जावक स्कॅन पाठवून खोडून काढावा.

ट्रॅकिंगवर या काळात 'इन ट्रान्झिट', म्हणजे 'वाटेत आहे', असं दिसत होतं. ते पाहून ग्राहकाला वाटतं की पार्सल कुठेतरी धावतंय. प्रत्यक्षात छोटी पार्सलं मोठ्या बॅगेत भरून सील होतात, पुढे स्कॅन होतो तो बॅगेचा, आणि आतल्या प्रत्येक पार्सलला तीच नोंद चिकटते. बॅगेला टॅग चुकीचा लागला तर आतलं सगळं भलत्या हबला जाऊन पोहोचतं, आणि बॅग उघडेपर्यंत कोणालाच कळत नाही. तक्त्यातल्या शेवटच्या गटातली पार्सलं एकाच वेळी एकाच चुकीच्या शहरी निघालेली दिसतात, म्हणजे तिथे हेच झालं असावं. असं होऊ शकतं. पण बॅग उघडल्यावर 'चुकून इकडे आलं, परत पाठवतोय' असं कळवायला काय हरकत होती?

आता आपल्या उत्तराकडे येते. दर वेळी मला एकच वाक्य ऐकवलं गेलं: 'अनपेक्षित मागणीमुळे विलंब होत आहे.' सणाची तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते, ते एक सोडून देऊ. पण मालाचा अंदाज? प्रत्येक खोक्याची लांबी, रुंदी, उंची आपण सेंटिमीटरमध्ये मोजता, त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागून आकारमानी वजन काढता, आणि ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त आलं तर बिल त्यावर लावता. माझं ४० × ३० × २० सेंटिमीटरचं खोकं काट्यावर दोन किलो भरतं आणि बिलात ४.८ किलो होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गाडीत जागा आकाराने अडते हे मला मान्य आहे. मात्र याचा अर्थ असा की बुकिंग झालं त्याच क्षणी कोणत्या हबकडे किती घनमीटर माल निघाला हे आपल्या संगणकात होतं. बिल करताना इतका काटेकोर असलेला आकडा गाड्या ठरवताना कुठे गेला? शिवाय त्याच पंधरवड्यासाठी प्रत्येक पार्सलमागे हंगामी अधिभार घेतला गेला, आणि त्याचं दरपत्रक मला आधीच आलं होतं. जिचा दर आगाऊ छापला ती गर्दी अनपेक्षित कशी?

सण झाल्यावरही पार्सलं का हलत नव्हती याचं कोडं माझ्या ग्राहकांना पडलं होतं. त्याचा हिशेब साधा आहे. समजा, एक हब दिवसाला १०० पार्सलं हाताळू शकतो आणि पाच दिवस रोज १२० आली. पाच दिवसांनी १०० पार्सलं शिल्लक राहतात. पुढे आवक ९० वर उतरली तरी जुन्यातली रोज दहाच निघतात. पाच दिवस जास्तीचा माल घेतला, तो निस्तरायला दहा दिवस. आणि हा हिशेब माल अगदी एकसारखा येतो असं धरून आहे. तो तसा येत नसल्यामुळे क्षमता पूर्ण भरायच्या कितीतरी आधीच रांग फुगायला लागते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून या रांगांचं गणित मांडलं. त्यातल्या सर्वांत सोप्या प्रकारात, म्हणजे खिडकी एक, माणसं वाटेल तेव्हा येणारी आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त होणारा, खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल तर सरासरी वाट एका कामाच्या सरासरी वेळेच्या चौपट असते. ९० टक्क्यांना ती नऊपट होते आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आमच्या कारखान्यात यंत्रांवर शंभर टक्के काम लावायला निघालेल्या नव्या अधिकाऱ्याला जुने फोरमन हसायचे, ते याचमुळे. आपल्याकडे असं हसणारं कोणी उरलेलं दिसत नाही.

अंदाज बांधणं अवघड असतं हे मी जाणते. २०१३ च्या नाताळात अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीकडे क्षमतेपेक्षा जास्त माल आला आणि पुष्कळ भेटी नाताळ उलटल्यावर पोहोचल्या. पुढच्या वर्षी त्या कंपनीने इतकी तयारी केली की खर्च अंगावर आला, आणि तेही २०१५ च्या जानेवारीत जाहीरपणे सांगावं लागलं. पण २०२० च्या हंगामात त्याच कंपनीने काही मोठ्या विक्रेत्यांनी ठरलेली मर्यादा ओलांडताच त्यांचा माल उचलणं तात्पुरतं थांबवलं. ब्रिटनची रॉयल मेल दरवर्षी नाताळाआधी पार्सल देण्याच्या शेवटच्या तारखा जाहीर करते. म्हणजे 'आता नाही जमणार' असं सांगता येतं, आणि ते सांगूनही कंपनी चालते.

माझी खरी तक्रार इथे आहे. 'अमुक तारखेनंतर दिलेलं पार्सल सणाआधी पोहोचणार नाही' एवढं आपण वेळेत सांगितलं असतं तर मी त्या तारखेला ऑर्डर घेणं बंद केलं असतं. नुकसान माझं झालं असतं, पण ते मोजूनमापून झालं असतं. त्याऐवजी हब तुंबलेले असतानाही आपल्या अ‍ॅपवर एक्स्प्रेस सेवेसमोर 'दोन दिवसांत हमखास' हे शब्द सणाच्या तोंडापर्यंत झळकत होते, आणि ते वाचून मी आणखी माल दिला. हे शब्द काढण्याचा अधिकार पार्सल दारी पोहोचवणाऱ्या कोणत्याही रायडरकडे किंवा हबमधल्या हमालाकडे नव्हता.

रायडरविषयी थोडं लिहायलाच हवं, कारण अशा तक्रारीनंतर पहिली कात्री त्याच्याच मोबदल्याला लागते. दार शोधणं, जिना किंवा लिफ्ट, ओटीपी, फोटो हे सगळं धरून एका पार्सलला चार मिनिटं धरली, तर आठ तासांत १२० पार्सलं होतात, आणि त्यात रस्त्यावरचा वेळ शून्य धरलेला आहे. माझ्याशी बोललेल्या रायडरला सकाळी यापेक्षा जास्त पार्सलं दिली गेली होती, आणि त्याचा भागही त्या आठवड्यात बदलला होता. त्याचं नाव मी देणार नाही, कृपया विचारू नये.

कॉल सेंटरबद्दल फार लिहीत नाही. तिथल्या मुलामुलींना तीच स्क्रीन दिसते जी मला घरबसल्या दिसते, मग त्यांनी सांगायचं तरी काय? तिकिटं मात्र पार्सल सापडण्याआधीच 'निराकरण झाले' म्हणून बंद होत होती. सण झाल्यावर दिलगिरीचा एसएमएस आला आणि सोबत पुढच्या बुकिंगवर सवलतीचं कूपन. वरातीमागून घोडं, आणि तेही भाड्याचं.

माझी मागणी अशी आहे. तक्त्यातल्या ज्या पार्सलांसाठी एक्स्प्रेस शुल्क आणि हंगामी अधिभार घेतला आणि जी दिलेल्या मुदतीत पोहोचली नाहीत, त्यांचं दोन्ही शुल्क खात्यावर परत जमा करावं, कूपनाच्या रूपात नको. आरटीओचं भाडं बिलातून पूर्ण वगळावं. पिवळ्या ओळींतल्या प्रत्येक 'प्रयत्ना'च्या वेळी रायडरचं ठिकाण कुठे होतं याची जीपीएस नोंद आणि ती नोंद कोणत्या लॉगिनवरून पडली हे लेखी कळवावं. ते लॉगिन रायडरचं नसून कार्यालयातलं निघालं, तर अशी नोंद टाकायला कोणी सांगितलं हेही कळवावं. आणि पुढच्या हंगामाआधी प्रत्येक मार्गासाठी शेवटची तारीख जाहीर होणार की नाही, याचं हो किंवा नाही असं उत्तर द्यावं.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपल्या सहीचं उत्तर अपेक्षित आहे. त्यानंतर ही सगळी कागदपत्रं ग्राहक आयोगाकडे जातील. बिलातली वादात नसलेली रक्कम मी भरली आहे आणि उरलेली रोखून धरली आहे. माझ्या खात्यावरचा रोजचा पिकअप आजपासून बंद ठेवला आहे, तेव्हा कृपया गाडी पाठवू नये.

आपली,
एक खातेदार ग्राहक

सोबत: एडब्ल्यूबी क्रमांक व स्कॅनच्या वेळांचा तक्ता, सुरक्षारक्षकाच्या वहीतील पानाचा फोटो, 'दोन दिवसांत हमखास' दाखवणारे अ‍ॅपचे स्क्रीनशॉट, हंगामी अधिभाराचं दरपत्रक, बंद केलेल्या तिकिटांच्या ईमेल.