शिवलेल्या जहाजाच्या प्रतिकृतीसाठी मदतीचे आवाहन

तापीकाठच्या वाचक, पालक, सुतार आणि नावाडी मंडळींना वाचनालयाचा नमस्कार.

यंदा सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत आपल्या वाचनालयात मध्ययुगीन बुडीत जहाजांच्या अभ्यासावर प्रदर्शन भरवत आहोत. खान्देशात समुद्र कुठून आला, असे कार्यकारिणीतही विचारून झाले. समुद्र नसेल, पण सुरतेकडे जाणारी तापी आपल्या दारातून जाते, आणि सातपुड्याचा साग आपल्या सुतारांच्या हातचा आहे.

१९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक जहाज सापडले. चीनहून माल भरून निघालेले. सुमारे ६०,००० वस्तू, त्यात बहुतेक भांडी. मोठ्या रांजणांत वाडगे गोल गोल रचून भरले होते, म्हणून इतक्या शतकांनीही कितीतरी शाबूत निघाले. एका वाडग्यावर इ.स. ८२६ची तारीख आहे. जहाजाच्या फळ्या मात्र खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या. कडांना भोके पाडून दोरीने शिवल्या होत्या. काही भाग सागाचे होते. याच नमुन्यावर बांधलेले ‘ज्वेल ऑफ मस्कत’ २०१० मध्ये ओमानहून सिंगापूरला गेले.

बेलितुंगचा माल एका खासगी कंपनीने विक्रीच्या हिशेबाने वर काढला, यावर पुरातत्त्वज्ञांनी सडकून टीका केली. कोणती वस्तू कुठे, कशाला लागून पडली होती, यातच निम्मा इतिहास असतो. हा वादही आम्ही फलकांवर मांडणार आहोत, नुसते खजिन्याचे फोटो नाहीत.

जहाजाच्या कुशीचा एक तुकडा मुलांसमोर शिवून दाखवायचा आहे. त्यासाठी सागाच्या फळ्या (वखारीच्या पावतीसह, जंगलातून तोडलेल्या नकोत), काथ्याची दोरी, फलकांच्या छपाईचा खर्च आणि दोन-तीन दिवस देऊ शकणारा सुतार हवा. पूल होण्याआधी नाव चालवलेले कुणाचे आजोबा असतील, तर त्यांना जरूर घेऊन या. त्यांच्यासाठी खुर्ची पहिल्या रांगेत.

आणखी एक विनंती. केरळात थैक्कलला समुद्रापासून आत, जमिनीखाली जुनी नौका निघाली होती. तेव्हा तापी-गिरणेच्या वाळूत कधी भोकांची, खाचांची जुनी फळी दिसली तर ओढून काढू नका, उन्हात वाळवू नका. भिजलेले लाकूड सुकताना आक्रसते, चिरफाळते. जागेवरच फोटो घ्या, ओले गोणपाट टाका आणि तहसील कार्यालयाला कळवा.

देणगी शंभर रुपयांचीही चालेल. ग्रंथपालांकडे सायंकाळी ५ ते ८ या वेळेत द्यावी. धनादेश वाचनालयाच्या नावाने काढावा. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, अगदी आमच्या कार्यकारिणीच्या सदस्यांच्याही.