शेवाळाची दवाई मागू नको बे

गड्या,

तुया रीफ टँकचे (समुद्री पाण्याच्या प्रवाळवाल्या टाकीचे) फोटो पाह्यले, दगडावर हिरवे केस अन् वाळूवर लाल साय, अन् वरून म्हणतं का दवाई सांग. नाई सांगत. आधी हे सांग, पाणी कोणतं टाकतं? आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअर मुळातच खारट, म्हणून मीठ कमी लागीन असा हिशोब लावला असशीन त सोडून दे, पूर्णेच्या खोऱ्यातलं खारेपण येगळं अन् समुद्राचं येगळं, समुद्रात कॅल्शियम 400 च्या वर अन् मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास असते, अन् बोअरमध्ये त शेतातल्या खताचं नायट्रेट उतरते, म्हणजे तू युरिया टाकून तणाले शिव्या देऊन रायला. घरचं नुसतं आरओही पुरत नाई, त्यापुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढणारे दाणे) लाव, टीडीएस (विरघळलेले क्षार) 0 आला का मगच रीफ सॉल्ट (टँकसाठीचं समुद्री मीठ) घोळ, ग्रॅव्हिटी (पाण्याची सापेक्ष घनता) 1.025 ठेव.

फॉस्फेटच्या टेस्टमध्ये 0 आलं म्हणून खूश होऊ नको, थे शेवाळानंच खाल्लं म्हणून दिसत नाई. अन् जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) ओतून खरोखरच शून्यावर आणायच्या भानगडीतही पडू नको, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपले का डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) येतात, थे भुरके बुडबुडेवाले चिकट तार, त्यापेक्षा हे केस परवडले. मी नायट्रेट 5 ते 10 अन् फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या मधात ठेवतो.

केस हातानं उपट, टूथब्रशनं घास अन् तुकडे लगेच सायफननं बाहेर काढ. लाल साय त शेवाळच नाई, सायनोबॅक्टेरिया आहे, तिथं बहुतेक झोत पोचत नसीन, पॉवरहेड (झोत मारणारा पंप) वळव. फ्रोझन खाणं वितळवून त्याचं पाणी फेकून देत जाय. लाइट 8 तास पुरे.

दवाईले काऊन नाई म्हणतो त सध्या मे आहे. पाणी तापलं का ऑक्सिजन कमी, त्यात शेवाळ एकदम मेलं का सडते अन् उरलासुरला ऑक्सिजन ओढते, अन् नेमकी रात्री लाइन गेली त सकाळी काय पाहाशीन थे सांगाले नको. बॅटरीवाला एअरपंप आणूनच ठेव. अन् हो, कमी झालेलं पाणी नुसत्या आरओडीआयनं भर, मीठ थोडीच उडते.

शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी एवढ्या उन्हात पार्सलनं मागवू नको, पावसाळा लागू दे. चेटो (गुंत्यासारखं वाढणारं कामाचं शेवाळ) मायाकडं लय माजलं आहे, सम्पमध्ये (मेन टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाक, मेन लाइट बंद झाला का त्याच्यावरचा चालू कर, नायट्रेट-फॉस्फेट तेच खाते. दर्यापूरले बाजाराले येशीन तेव्हा झाकणाचा डबा अन् बर्फाच्या बाटल्या घेऊन ये, पण सकाळी लवकर ये बाप्पा.

तुया दोस्त